दमलोय, उद्या बघू

११ मार्च

झिपरे,

हे नाव लिहिण्याआधी तीनदा पेन खाली ठेवलं. आता तू एकोणतीस वर्षांची, लग्न झालेली बाई. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की कुणाला तरी नोटीस पाठवल्यासारखं वाटतं. तेव्हा रागावलीस तरी झिपरीच.

आपण बोललो त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. तू रविवारी आईला फोन करतेस तेव्हा मी त्याच खोलीत असतो, हे तुला ठाऊक असेलच. आई तुझं प्रत्येक उत्तर मोठ्याने परत म्हणते. "हो का, घर बदललंत का, तिसऱ्या मजल्यावर का." मी पेपर वाचतोय असं दाखवतो. ती ऐकवतेय असं दाखवत नाही. असं आमचं चाललंय.

पत्राचं कारण सांगतो. आमच्या डेपोत नवीन डॉक्टरबाई आल्यात. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला गृहपाठ दिलाय. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतो ते रोज लिहून आणायचं, अगदी किती वाजता चहा घेतला तेसुद्धा. मी कोऱ्या कागदासमोर दोन दिवस बसलो. सत्तावीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला लॉगशीट भरता येते, बाकी काय लिहिणार. बाईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग कुणाला तरी पत्र लिहिताय असं समजून लिहा." मला समजून वगैरे लिहिता येत नाही. म्हणून खरंच लिहितोय.

सध्या मला सहा आठवडे गाडीवर पाठवणार नाहीत. घाबरायचं कारण नाही. गाडीचा डावा आरसा एका खांबाला घासला, ऊन डोळ्यांवर आलं होतं. असं काही झालं की तपासणी करतात, नियमच आहे. तोपर्यंत हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसतो. खोलीला खिडकी नाही. माझ्याकडे एकशे बारा छत्र्या, चौदा चष्मे, एक तबकडीचा जुना टेलिफोन आणि एक खालची कवळी आहे. बसमध्ये कवळी विसरून माणूस उतरतो कसा, यावर मी दोन दिवस विचार करतोय.

हे पाकीट न उघडता टाकलंस तरी चालेल. आई म्हणते, तू कपाळाला आठ्या घालशील, पण उघडशील.

बाबा

१६ मार्च

झिपरे,

गृहपाठ तपासून झाला. तुला सांगायला हवं, कारण तू दवाखान्यात मोडलेली माणसं चालती करतेस, तुला यातलं कळतं.

बाईंनी माझा आठवडा टेबलावर पसरला आणि लाल पेन घेतलं. वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारत गेल्या.

"सकाळी साडेचारला उठता. खाता कधी?"

"सव्वाअकराला, फेरी संपली की."

"तोपर्यंत?"

"चहा."

"किती?"

"पाच. म्हणजे पाच-सहा."

"पाणी?"

आता तुला कसं सांगू. ड्रायव्हर पाणी पीत नाही गं. पन्नास मिनिटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मागे साठ माणसं, मध्ये कुठे थांबणार? नोकरीच्या पहिल्या महिन्यातच एका जुन्या ड्रायव्हरने शिकवलं होतं, तहान लागली की जिभेखाली लवंग धर. सत्तावीस वर्षं धरतोय. बाईंनी ते कागदावर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग जेवण. ते मी डब्यातून, गाडीच्या पायरीवर उभ्यानेच करतो, सात मिनिटांत. रात्रीचं साडेदहाला, टीव्हीसमोर, पोटाला तडस लागेपर्यंत. मग फोनवर लोकांची भांडणं बघत पडायचं. डोळे मिटत असतात तरी अंगठा चालूच. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकपर्यंत झोपायचं आणि उठल्यावर डोकं दगडासारखं. घरापासून डेपो चालत वीस मिनिटांवर, पण मी कधी चाललो नाही, स्टाफची गाडी पकडतो. "दिवसभर पायांवरच तर असतो," असं म्हणायची सवय आहे. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दिवसभर पायांवर नसता, बुडावर असता." माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. हसूच आलं.

रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, झोपेत श्वास अडकतो का तेही मशीन लावून बघितलं. थोडं रक्त कमी आहे, बाकी काही नाही. मला खरं तर वाईट वाटलं. मोठ्या नावाचा एखादा आजार निघेल, म्हणजे तुझ्या आईला सांगता येईल की बघ, मी उगाच दमत नव्हतो, असं मनात होतं.

बाईंना म्हणालो, "म्हणजे दोष माझाच."

त्या म्हणाल्या, "यातल्या एकाही गोष्टीत तुमचा दोष नाही. प्रत्येकीला कारण आहे. पण ही सगळी कारणं रोज एकाच माणसाच्या अंगावर बसतात आणि तो मग बसमध्ये बसतो."

मग पेन बंद करत सहज विचारावं तसं विचारलं, "डबल ड्युटी महिन्यातून किती वेळा?"

मी म्हणालो, कधीतरी.

हे खोटं होतं. चौदा-पंधरा वेळा.

बाबा

२४ मार्च

झिपरे,

मागच्या दोन पत्रांत एक गोष्ट मी नीट सांगितली नाही. ऊन डोळ्यांवर आलं नव्हतं. आभाळ भरलेलं होतं.

मला झोप लागली. दुपारी दोन चाळीसला, साठ माणसं घेऊन, चढाच्या रस्त्यावर. आदल्या रात्रीची ड्युटी करून सकाळी परत गाडीवर चढलो होतो. इस्पितळाचं वळण घेतलेलं आठवतं. त्यानंतर कंडक्टरने घंटा बडवली ते आठवतं. मधलं काही नाही. डोळे उघडले तेव्हा डावी चाकं फुटपाथवर होती, आरसा खांबाला लागून तुटला होता आणि समोर, गाडीपासून जेमतेम हातभर अंतरावर, एक बाई बाबागाडीचा दांडा घट्ट धरून उभी होती. ती ओरडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली. माझे पाय ब्रेकवर होते, पण ते मी ठेवले की त्यांनी आपले आपण ठेवले, मला सांगता येणार नाही.

कुणाला खरचटलं नाही. मी पंधरा मिनिटं स्टिअरिंगवरून हात काढू शकलो नाही. शेवटी कंडक्टरने एकेक बोट सोडवलं.

चौकशीत मी ऊन सांगितलं. कंडक्टर माझ्या बाजूने बोलला. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण एका प्रवासी बाईंनी लेखी तक्रार दिली. रोज दुपारी दोनच्या फेरीला पहिल्या बाकावर बसणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना रोज बघून मान हलवायचो. तक्रारीचं कळलं तेव्हा माझा तिळपापड झाला. म्हटलं, सत्तावीस वर्षांत एक ओरखडा नाही आणि ही बाई माझ्या पोटावर पाय देते.

काल त्या आमच्या खोलीत आल्या. आपलं काही हरवलेलं नाही म्हणाल्या, मला भेटायलाच आल्या होत्या. मी खुर्ची पुढे केली, पण तोंड फुगवूनच.

"तक्रार मी केली," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"चार महिने बघत होते मी. तुमच्या वरच्या आरशात तुमचे डोळे दिसतात मला. सोमवारी ठीक असतात. गुरुवारपासून वळणावर पापण्या खाली यायच्या. मी मुद्दाम खोकायचे. छत्री पाडायचे."

मला ते आठवलं. मी समजायचो म्हातारीला वेंधळेपणाची सवय आहे. चार महिने ती बाई मला जागं ठेवत होती.

"मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"भीड पडली," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतके चांगले मान हलवायचात. त्या बाबागाडीत मूल होतं हो. माझी भीड त्याच्या जिवावर आली असती."

मी कंडक्टरच्या डब्यातली दोन बिस्किटं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक खाल्लं. गेल्यावर मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो आणि डबल ड्युट्यांचा खरा आकडा सांगितला. ऊन नव्हतं तेही सांगितलं. बाईंनी हात पुढे करून गृहपाठ मागितला आणि म्हणाल्या, "आता हा पूर्ण झाला."

तू वाचत असशील तर आता म्हणशील, हे मी मागेच सांगितलं होतं. सांगितलंच होतंस. तू पसंत केलेला तो माणूस आणि त्याचे आईवडील आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी. त्याचे वडील त्यांच्या दुकानाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी ताटावर मान टाकून घोरायला लागलो. आई मला टेबलाखालून लाथा मारत होती. ते गेल्यावर तू दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, माझ्या आयुष्यात तुम्ही नक्की कधी जागे होतात?" मी म्हणालो, तुमच्यासाठीच मर मर मरतोय. तू म्हणालीस, "आम्ही मरा म्हणालो नव्हतो."

त्यावर मी काय म्हणालो आठवतं? "दमलोय. उद्या बघू."

बाबा

३ एप्रिल

झिपरे,

परवा एक प्रकार झाला. डेपोतून फोन आला. गाडीवर जायला मनाई आहे, पण रात्री स्टोअरला माणूस कमी आहे, येता का? गेल्या सत्तावीस वर्षांत अशा प्रश्नाला माझं एकच उत्तर. "येतो ना." समोरचा विचारून संपायच्या आधीच ते तोंडातून निघतं.

का निघतं, यावर मी त्या बिनखिडकीच्या खोलीत बराच विचार केला. तुझ्या फीसाठी, घरासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो. पहिली काही वर्षं ते खरंही होतं. पण तू नोकरीला लागून सहा वर्षं झाली, तरी ड्युट्या होत्या तेवढ्याच. खरं म्हणजे डेपोत कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी काही असलं, की कंट्रोलर म्हणायचा, "तो आहे की." मला ते ऐकायला फार आवडायचं. घरी असं कुणी म्हणत नव्हतं. घरी मी नसायचोच, म्हणणार कोण.

तर फोनवर मी म्हणालो, "नाही जमणार."

मग कंट्रोलर म्हणाला, "काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे," म्हणालो. "घरी आहे."

फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कोणाला नाही म्हणालात?" तिने विचारलं. सांगितलं. तिने गॅसवरचं खाली उतरवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. साडेसात वाजले होते. आम्ही दोघं टेबलावर समोरासमोर बसून जेवलो. एकतीस वर्षांत असं किती वेळा झालं ते मोजायला दोन हातांची बोटं पुरतील.

आणि मला दिसलं की तुझी आई भराभर जेवते. घास चावून संपायच्या आत दुसरा. मी म्हणालो, "अगं, सावकाश. कुठे जायचंय?"

ती म्हणाली, "तुम्ही आडवे पडायच्या आत आवरायची सवय लागलीय."

मग चिडून नाही, साधंच बोलावं तसं म्हणाली, "दमले मी पण होते हो. पण घरात एकच जण दमू शकत होता."

मी उठून भांडी घासली. दोन पेले फोडले. आई म्हणाली, राहू द्या, सवय होईल.

बाकी प्रगती अशी. सकाळी घरातून काहीतरी खाऊन निघतो. चहा तीनवर आलाय, तिसऱ्याची वेळ झाली की घड्याळाकडे प्रेयसीसारखं बघतो. चालत जातो. वाटेत एक न्हावी आहे, तो रोज विचारतो, "आज पण स्टाफची गाडी चुकली?" फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवतो. पहिले चार दिवस अंथरुणात अंगठा आपोआप हलायचा. पहिल्या आठवड्यात काहीच फरक वाटला नाही, उलट डोकं दुखलं. डॉक्टरबाईंना म्हणालो, जमत नाही. त्या म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांचं आहे. सत्तावीस दिवस तरी द्या."

तुझ्याकडून उत्तर नाही. अपेक्षा नाही, असं लिहिणार होतो, पण या पत्रांत खोटं पुरे झालं. रोज पेटी बघतो.

बाबा

१० एप्रिल

झिपरे,

हे पत्र मी तीन दिवस लिहितोय.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मला रजा मिळाली होती.

तुला फोनवर सांगितलं की मंजूर झाली नाही. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे तुला ते पटलं. आईलाही मी तेच सांगितलं. ती चार दिवस आधीच तुझ्याकडे आली होती. आजवर हे कुणालाच माहीत नाही.

मला दोन दिवसांची रजा मिळाली होती. आदल्या दिवशी दुपारी एका ड्रायव्हरचा दात ठणकायला लागला. कंट्रोलर म्हणाला, "संध्याकाळची फेरी घेतोस का? लग्नाला तर उद्या जायचंय." मी म्हणालो, घेतो ना. घरी पोचून आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि झोपलोच नाही, कारण झोपलो तर पहिली गाडी चुकेल. पहिली गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली. नोंदणी बाराला, गाडी साडेअकराला तुझ्या गावात पोचणार. सगळं हिशेबात बसत होतं.

सत्तावीस वर्षांत मी प्रवासी म्हणून फार कमी बसलोय. दुसरा कुणीतरी गाडी चालवतोय, आपल्याला रस्त्याकडे बघायचं नाही, ही इतकी आरामाची गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं. गाव सुटताना मी तुला काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो. त्या जेवणाच्या दिवसाबद्दल काहीतरी बोलायचं होतं.

मला कंडक्टरने खांदा हलवून उठवलं. "काका, शेवटचा स्टॉप." दोनला दहा कमी होते. तुझं गाव सव्वादोन तास मागे राहिलं होतं.

मी त्या स्टँडच्या बाकावर बसलो. परतीची गाडी होती. संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचलो असतो. जेवणाला पोचलो असतो. पण तीच माणसं असणार होती, ज्यांच्यासमोर मी ताटावर घोरलो होतो. त्यांच्यासमोर जाऊन परत एकदा "झोप लागली" म्हणायचं? आणि तू माझ्याकडे कशी बघशील? रजा मिळाली नाही म्हटलं तर निदान दोष डेपोचा. म्हणून फोन केला. तू "बरं" म्हणालीस. एवढंच. मग मी उलट्या दिशेची गाडी पकडली, ती तुझ्या गावावरून गेली. त्या वेळी मी टक्क जागा होतो. गाडी तुमच्या चौकात दोन मिनिटं थांबली होती.

पाकीट बंद करायच्या आधी हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिच्यापासून लपवून तुला कळवणं बरोबर वाटेना. मला वाटलं ती आकांडतांडव करेल. ती बराच वेळ टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. मग म्हणाली,

"म्हणजे तुम्ही निघाला होतात."

आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

झिपरे, मी माफी मागत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुला कळावं एवढंच.

बाबा

२८ एप्रिल

झिपरे,

तुझं कार्ड आलं होतं तेव्हा आईने ते चार वेळा उलटंसुलटं करून बघितलं, अजून कुठे काही लिहिलंय का म्हणून. "रविवारी सकाळी या. दोघं." एवढ्यात सगळं आलं होतं.

घरी सुखरूप पोचलो. येताना आईने मला खिडकीशी बसू दिलं नाही. अख्ख्या वाटेत माझ्या बरगडीत तिचं कोपर होतं. मी म्हणालो, अगं, मी आता दिवसा झोपत नाही. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. कोपराला अजून माहीत नाही."

आधी डेपोची बातमी. तपासणीत पास झालो. पुढच्या सोमवारपासून सातव्या मार्गावर, फक्त सकाळची पाळी. वर्षभर डबल ड्युटी नाही, असं डॉक्टरबाईंनी लेखीच देऊन टाकलं. दोन्ही टोकांना पाणी प्यायला आणि मोकळं व्हायला दहा-दहा मिनिटं सगळ्याच ड्रायव्हरांना मिळावीत, असाही कागद त्यांनी वर पाठवलाय. वरचे काय करतात बघू. कंडक्टर म्हणतो, पास झालं तर मुतारीला बाईंचं नाव देऊ. मी त्याला गप्प केलं.

आता रविवारचं.

दार त्याने उघडलं. तुझ्या नवऱ्याला अजून जावई म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण माणूस चांगला आहे. मला बघून तोही अवघडला. म्हणाला, "या ना, बसा. की पडायचंय जरा? प्रवास झालाय." मग त्याच्याच लक्षात आलं आपण काय बोललो, आणि कानापर्यंत लाल झाला. मी हसलो. तोही हसला. तू हसली नाहीस.

जेवणं झाल्यावर तो आणि आई स्वयंपाकघरात गेले आणि आतून दार लोटून घेतलं. लाटणं पडलं तरी आवाज येईल इतकं लहान घर आहे तुमचं, आणि आतून काहीसुद्धा आवाज येत नव्हता. दोघं दाराला कान लावून असणार.

तू समोर बसलीस आणि म्हणालीस, "मी आता बोलणार आहे. मधे बोलू नका."

मी नाही बोललो. तू दीड तास बोललीस. बारावीचा निकाल घेऊन डेपोत आलीस आणि मी "ठेव तिथे" म्हणालो, ते. आई आजारी असताना तू दोन आठवडे कॉलेज बुडवलंस आणि मला ते पुढच्या वर्षी कळलं, ते. मित्रमैत्रिणींना घरी आणायची नाहीस, कारण बाहेरच्या खोलीत कायम एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला असायचा. लहानपणी हळू बोलायची इतकी सवय लागली की आजही दवाखान्यात रोगी तुला सांगतात, जरा मोठ्याने बोला. हे मला माहीत नव्हतं. आणि तुझ्या लग्नाच्या दिवशी, माझा फोन आल्यावरसुद्धा, सही करायच्या आधी तू दाराकडे बघितलंस, ते.

इथे माझी चूक दुरुस्त करतो. फोन मी दोननंतर केला आणि नोंदणी बाराला होती, असं मी लिहिलं होतं. तू म्हणालीस, "आम्ही थांबलो होतो. त्या साहेबाला सांगून मी नंबर मागे ठेवत गेले. सही अडीचला झाली." मला हे ठाऊक नव्हतं. गाडीत बसल्यावर आईने सांगितलं की तिला ठाऊक होतं, पण ती मला सांगू शकली नाही.

तू बोलत होतीस तेव्हा दुपारचे अडीच-तीन झाले असतील. माझी सगळ्यात वाईट वेळ. पण मी प्रत्येक शब्द ऐकला. कुठे पडावंसं वाटलं नाही. एकदाच डोळे मिटले ते वेगळ्या कारणाने, आणि ते तू बघितलंस. शेवटी तू म्हणालीस, "झालं. संपलं माझं." आणि एकदम थकल्यासारखी मागे टेकलीस. मी तुझ्यासाठी पाणी आणायला उठलो. पेले कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं. तू बसल्या जागेवरून सांगितलंस, डावीकडे, वरच्या फळीवर.

घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दीड तासात तू खूप बोललीस, पण एक राहिलीच. ती तुला माहीतच नाही, म्हणून राहिली.

तू सातवीत होतीस. शाळेच्या मैदानावर मुलांची आणि वडिलांची तीन पायांची शर्यत होती. तू आपली दोघांची नावं दिली होतीस आणि पाय बांधायला आईची जुनी ओढणी घडी करून ठेवली होतीस. मी सकाळची फेरी करून आलो आणि बूट न काढताच पलंगावर आडवा झालो. तू दारात आलीस. खेळाचा गणवेश, केस नेहमीसारखे पिंजारलेले. काही वेळ उभी राहिलीस. मग आईला हळूच म्हणालीस, "झोपलेत. राहू दे." आणि ओढणी घेऊन एकटीच गेलीस.

झिपरे, त्या दिवशी मी झोपलेलो नव्हतो. मी जागा होतो. तुझी पावलं ऐकून डोळे मिटले होते.

रविवारी आम्ही परत येतोय. तू या गोष्टीपासून सुरुवात कर.

बाबा